नाशिकमधून डाउनहिल शर्यतीत उतरायचंय? पहिली सायकल अशी निवडा

नाशिकला सायकल म्हटलं की लांब पल्ला. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. त्र्यंबकला पहाटे जाऊन येणारे, कसारा घाट चढून येणारे इथे गल्लोगल्ली सापडतात. त्यामुळे दुकानात माल त्यांच्यासाठीचा असतो आणि सल्लाही त्यांच्याच अनुभवातला मिळतो: वजन हलकं घ्या, गिअर जास्त घ्या, टायर बारीक घ्या. डाउनहिलला, म्हणजे डोंगरउतारावरच्या माउंटन बाइक शर्यतीला, हे तिन्ही सल्ले उलटे लागतात. इथे शर्यत दोन ते पाच मिनिटांची असते, रस्ता उताराचा असतो, आणि त्या वेळात हात, ब्रेक आणि टायर यांचा जीव काढला जातो.

पहिली सायकल घेताना बहुतेक जण सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचं अंतर, किती मिलिमीटर एवढाच आकडा विचारतात. माझ्या मते आधी दोन वेगळे प्रश्न विचारावेत. या सायकलवर मला महिन्यात किती वेळा उतार उतरता येणार आहे? आणि ती मोडली तर नाशिकमध्ये किती दिवसांत पुन्हा उभी राहणार आहे? महागडी सायकल पार्टची वाट बघत भिंतीला टेकून राहिली, तर शर्यतीत तिचा काही उपयोग नाही.

आधी शर्यत समजून घ्या

डाउनहिलमध्ये सगळे एकत्र सुटत नाहीत. एकेक जण ठरावीक अंतराने सुटतो आणि घड्याळाशी झुंजतो. आधी पात्रता फेरी, मग अंतिम फेरी. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमांत फुल-फेस हेल्मेट सक्तीचं आहे, सरावाच्या फेऱ्यांतसुद्धा. भारतात राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धा सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या छत्राखाली होतात आणि त्यात क्रॉस-कंट्रीसोबत डाउनहिलही असतं. २०२३ ची आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. म्हणजे खेळ आता फक्त हिमाचलापुरता राहिलेला नाही.

सायकल घेण्याआधी एखादी शर्यत नुसती बघून या. ट्रॅक पायी चाला. उड्या किती मोठ्या आहेत, दगड सुटे आहेत की जमिनीत रुतलेले, मधे पायडल मारायला लावणारा सपाट भाग किती आहे, हे डोळ्यांनी बघा. आपल्याकडच्या काही ट्रॅकवर सपाट तुकडे आणि छोटे चढ येतात, आणि तिथे २०० मिलिमीटर ट्रॅव्हलची सायकल मऊ गादीवर धावल्यासारखी वाटते. पायडल मारता मारता पाय गळून जातात.

वर कसं जाणार, याचं उत्तर आधी शोधा

परदेशातल्या व्हिडिओत डाउनहिलवाले केबलच्या पाळण्यात बसून वर जातात. नाशिकमध्ये तशी सोय नाही. अस्सल डाउनहिल सायकलचं वजन १६ ते १८ किलो असतं, मागे साधारण सातच गिअर असतात, सीट इतकी खाली असते की बसून पायडल मारणं ही शिक्षाच. ती चढावर ढकलत न्यायची किंवा गाडीत टाकून न्यायची.

चार-पाच जणांचा गट असेल, त्यात एकाकडे पिकअप किंवा छोटा हत्ती असेल आणि चालवायला आळीपाळीने कोणी तयार असेल, तर दिवसाला आठ-दहा फेऱ्या सहज होतात. असा गट असेल तरच अस्सल डाउनहिल सायकलचा विचार करा. एकटे असाल, तर १६० ते १७० मिलिमीटर ट्रॅव्हलची एंड्युरो सायकल घ्या. ती पायडल मारत वर जाते, खाली येताना नवशिक्याच्या वेगाला पुरेशी पडते आणि बहुतेक छोट्या शर्यतींत चालून जाते. बजेट आणखी कमी असेल तर १४० ते १६० मिलिमीटरचा चांगला फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, असलेली आणि मागे सस्पेन्शन नसलेली मजबूत हार्डटेल. हार्डटेल चुकांची शिक्षा लगेच देते, म्हणून ओळी, म्हणजे उतारावरची नेमकी वाट, निवडायला आणि पाय सैल ठेवायला ती फार लवकर शिकवते. तिच्यावर एक मोसम काढलेला स्वार पुढे मोठ्या सायकलवरून कमी वेळा पडतो, हे मी वारंवार बघितलंय.

एक गोष्ट मात्र अजिबात घेऊ नका: दहा-पंधरा हजारांना मिळणारी ‘ड्युअल सस्पेन्शन एमटीबी’. तिच्या मागच्या शॉकमध्ये उसळी रोखणारं डॅम्पिंग नसतं, नुसती स्प्रिंग असते. एका दगडावर दाबली की पुढच्या दगडावर उसळते. पिव्हटला, म्हणजे मागच्या भागाच्या हलत्या सांध्यांना, बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे बुश असतात आणि काही महिन्यांत मागचं चाक डावी-उजवीकडे डोलायला लागतं. त्याच पैशात साधी हार्डटेल कितीतरी चांगली येते.

सराव कुठे करायचा, हेही आधी ठरवा, कारण सायकल त्या जमिनीसाठी घ्यायची आहे. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मीळ वनस्पती वाढते आणि गिधाडं आहेत. तिथे चाक घालू नका. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, शिवाय सकाळी पायऱ्यांवर आजी-आजोबा फिरायला असतात. देवळाली परिसरात तोफखान्याची फायरिंग रेंज आहे, तिथल्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. वनखात्याच्या जमिनीवर परवानगी लागते. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एखाद्या शेतकऱ्याची पडीक टेकडी. रीतसर विचारायचं, बांध फोडायचे नाहीत, गुरं दिसली की थांबायचं आणि दिवाळीला घरी मिठाई घेऊन जायचं. त्या माणसाचा विश्वास बसला, की ट्रॅक वर्षानुवर्षं टिकतो.

पैसे कुठे घालायचे

शंभर रुपये असतील तर सत्तर सायकलला, पंधरा अंगावरच्या संरक्षणाला आणि पंधरा टायर, ब्रेक पॅड, हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर धरणारा तुकडा) आणि पहिल्या सर्व्हिसिंगला ठेवा. सगळे शंभर सायकलवर घालवणारा पहिल्याच महिन्यात अडतो, कारण डाउनहिलमध्ये टायर आणि पॅड हे खर्चाचे पदार्थ आहेत, वर्षानुवर्षं टिकणारे पार्ट नाहीत.

नवी घ्यायची तर वायटी ट्यूज, कमेंसाल सुप्रीम, प्रोपेन रेज, ट्रेक सेशन, जायंट ग्लोरी ही नावं कानावर पडतील. परदेशात सुरुवातीच्या श्रेणीची डाउनहिल सायकल साधारण ३,००० डॉलरच्या आसपास सुरू होते. कुरिअर, सीमाशुल्क आणि कर धरून छापील किमतीच्या दीडपटीचा हिशोब करा, म्हणजे आकडा चार लाखांच्या घरात जातो. शर्यतीत पहिल्यांदा उतरणाऱ्याने एवढे पैसे घालावेत, असं मला वाटत नाही. तीन-पाच वर्षं जुनी, नीट तपासलेली अॅल्युमिनियमची सायकल हा शहाणपणाचा मार्ग. कार्बन फ्रेम दुसऱ्याच्या हातची घेऊ नका. आत पडलेली चीर डोळ्याला दिसत नाही, आणि आपल्याकडे ती तपासून देणारे मोजकेच आहेत.

माप आणि कोन

साइजचा छापील शब्द सोडून द्या. एका कंपनीचं एम दुसरीच्या एलएवढं निघतं. बघायचा आकडा म्हणजे रीच, म्हणजे पायडलच्या अक्षापासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर. उंची १६५ ते १७२ सेंटिमीटर असेल तर साधारण ४३० ते ४५५ मिलिमीटर रीच सोयीची. लांब सायकल वेगात स्थिर राहते, पण अरुंद वळणात ती वळवायला ताकद लागते. दोन मापांच्या मधे असाल आणि सरावाचा ट्रॅक वळणावळणाचा असेल तर लहान माप घ्या. वाढत्या वयाच्या मुलासाठी ‘पुढे पुरेल’ म्हणून मोठं माप घेणारे पालक त्याचं शिकणं लांबवतात. शाळेच्या गणवेशाचा नियम इथे लागू होत नाही.

हेड अँगल, म्हणजे पुढच्या फोर्कचा जमिनीशी कोन, ६३ ते ६४ अंशांच्या आसपास असावा. जुन्या क्रॉस-कंट्री सायकलला तो ६९-७० असतो आणि तीव्र उतारावर ती नाक खाली घालून पडायला बघते.

चाकांचा प्रश्न जुन्या सायकलींत फार महत्त्वाचा. २६ इंची डाउनहिल सायकल स्वस्तात मिळते, पण चांगला टायर, रिम आणि फोर्क मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. २७.५ इंची अजूनही ठीक. २९ इंची २०१७ नंतर डाउनहिलमध्ये रुळली. पुढे २९ आणि मागे २७.५ ही जोडी २०१९ पासून शर्यतीत अधिकृतपणे चालते, आणि आपल्यासारख्या मध्यम उंचीच्या लोकांना ती छान बसते, कारण तीव्र उतारावर मागे सरकताना टायर पॅन्टला घासत नाही.

ब्रेक आणि टायर: इथे कंजुषी नको

चार पिस्टनचे हायड्रॉलिक ब्रेक आणि २०० किंवा २०३ मिलिमीटरची डिस्क, दोन्हीकडे. दोन पिस्टनचे ब्रेक लांब उतारावर तापतात, लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि बोटं सुन्न होतात. डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं छापलं असेल तर ती डिस्कच बदला. धूळ आणि चिखलात धातूचे पॅड जास्त टिकतात. आवाज करतात, पण शर्यतीत आवाजाने कुणाचं काही बिघडत नाही.

तेलाचा विषय नाशिककरांना ठरवून सोडवता येतो. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट ५.१ लागतं, आणि डॉट ४ किंवा ५.१ कोणत्याही गाड्यांच्या पार्टच्या दुकानात मिळतं. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, ते मागवावं लागतं, पण ते ओलावा शोषत नाही, त्यामुळे पावसाळ्यात वारंवार बदलावं लागत नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच द्रव आहे, नाव जवळचं म्हणून ते घालू नका. आणि एकाचं तेल दुसऱ्यात पडलं, तर आतली रबरी सील फुगून ब्रेक संपला म्हणून समजा. सायकल घेतानाच ब्लीडिंगचं (ब्रेकमधली हवा काढण्याचं) किट आणि त्या ब्रेकचं तेल घरी आणून ठेवा.

टायरचं आपल्या जमिनीशी थेट नातं आहे. नाशिकच्या टेकड्या बेसॉल्टच्या. दगड फुटला की त्याची धार चाकूसारखी असते आणि ती टायरच्या बाजूवर बसते. त्यात वाटेत बाभळीचे काटे. साधा टायर ट्यूब घालून चालवला तर एका दिवशी दोन-तीनदा पंक्चर काढत बसाल. म्हणून डाउनहिल केसिंगचा, म्हणजे जाड अंगाचा, २.४ ते २.५ इंच रुंदीचा टायर घ्या. एकेक १,२०० ग्रॅमच्या वर जातो. हे वजन मुद्दाम घेतलेलं असतं. ट्यूबलेस करा, आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, घाला. उन्हाळ्यात नाशिकचं तापमान ४० अंशांजवळ गेलं की सीलंट महिन्या-दीड महिन्यातच वाळतं, म्हणून दर महिन्याला व्हॉल्व्हचा गाभा काढून काडी बुडवून बघा. ओली निघाली तर ठीक, नाही तर थोडं भरा.

खाचा कशा हव्यात, हे मोसमावर ठरतं. ऑक्टोबर ते मे कडक खडकावर बारीक मुरूम पसरलेला असतो, म्हणजे चाकाखाली गोट्या. तिथे बाजूच्या उंच, मजबूत गुठळ्या महत्त्वाच्या. पुढे मॅक्सिस असगाई किंवा मिनियन डीएचएफ आणि मागे मिनियन डीएचआर ही जोडी बहुतेकांना पुरते. पुढचा टायर मऊ रबराचा, मागचा थोडा कडक, कारण मागचा लवकर झिजतो. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात काळी चिकण माती टायरमध्ये भरून बसते आणि चाक फिरेनासं होतं. तेव्हा विरळ, टोकदार गुठळ्यांचा चिखलाचा टायर हवा. दोन मोसमांसाठी दोन जोड ठेवायची ऐपत नसेल, तर पावसाळ्यात विश्रांती घ्या आणि सायकल खोलून साफ करा.

हवा किती? ६५ ते ७५ किलोच्या माणसाला पुढे २२ ते २५ पीएसआय, मागे २५ ते २९. पंपाच्या काट्यावर विसंबू नका, वेगळा डिजिटल गेज घ्या. दोन पीएसआयचा फरक हाताला जाणवत नाही, वळणात मात्र जाणवतो.

सस्पेन्शन

पुढे अस्सल डाउनहिलला दोन क्राउनचा फोर्क असतो, म्हणजे नळ्या हँडलच्या नळीच्या खाली आणि वर दोन्हीकडे धरलेल्या. रॉकशॉक्स बॉक्सर आणि फॉक्स ४० ही सर्वांना माहीत असलेली नावं. एंड्युरोमध्ये एक क्राउन असतो, तिथे किमान ३५ मिलिमीटर जाडीच्या नळ्या बघा. फोर्कवर एक अक्षर किंवा आकडा जास्त आहे म्हणून भुलू नका. सर्व्हिसिंग कधी झालं, याची नोंद त्याहून मोलाची. फोर्कचं खालचं तेल आणि सील साधारण ५० तासांच्या सरावानंतर बदलायचे असतात.

मागे कॉइल शॉक असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाची हवी. विकणारा ८५ किलोचा आणि तुम्ही ६२ चे असाल तर त्या स्प्रिंगवर सायकल लाकडासारखी कडक लागेल. अंदाज काढायचा सोपा हिशोब असा. समजा मागचा ट्रॅव्हल २०० मिलिमीटर आणि शॉकचा स्ट्रोक ७५. २०० भागिले ७५ म्हणजे सुमारे २.६७, हे लिव्हरेज. अंगावरच्या साहित्यासकट वजन ७५ किलो, म्हणजे १६५ पाउंड. त्यातला साधारण ६५ टक्के भार मागे, म्हणजे १०७. त्याला २.६७ ने गुणलं की २८६. बसल्यावर शॉक ३० टक्के दबायला हवा, म्हणजे २२.५ मिलिमीटर, म्हणजे ०.८९ इंच. २८६ भागिले ०.८९ म्हणजे ३२१ पाउंड प्रति इंच. तेव्हा ३२५ ते ३७५ च्या दरम्यानची स्प्रिंग घेऊन सुरुवात करा. कंपनीचं कॅल्क्युलेटर असेल तर ते आधी वापरा, कारण लिव्हरेज सगळ्या प्रवासात सारखं राहत नाही. हवेचा शॉक असेल तर हा ताप नाही, पंपाने जुळवून घेता येतं. नवशिक्याला म्हणून हवेचा शॉक सोयीचा, लांब उतारावर कॉइल जास्त शांत.

गिअर? सात पुरतात, पुढे एकच चेनरिंग ३४ किंवा ३६ दातांचं आणि चेन न उडण्यासाठी गाइड. यावर जास्त वेळ घालवू नका.

जुनी सायकल तपासण्याची पद्धत

सायकल पुण्यात किंवा मुंबईत असेल तर स्वतः जा. फोटोवर आगाऊ पैसे पाठवू नका. सोबत ओलं फडकं, टॉर्च, षटकोनी पान्यांचा संच आणि शॉक पंप घ्या. उजेडात, दिवसा बघा.

आधी बिल आणि फ्रेमचा नंबर जुळवा. आयात केलेली असेल तर सीमाशुल्काची पावती मागा. कागद नसलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

मग फ्रेम पुसा. विकणारा बहुतेक वेळा चिखलासकट दाखवतो, आणि चिखलाखालीच चीर असते. हँडलची नळी आणि खालच्या नळीचा सांधा, शॉक बसतो ती जागा, मागच्या फांद्यांचा जोड आणि पायडलच्या अक्षाभोवतीचा भाग टॉर्चने निरखा. रंगात केसासारखी रेघ दिसली, तर तिथे नख फिरवा. रेघेच्या दोन्ही बाजू सारख्या लागल्या तर खरचटलेलं असेल, नख अडकलं तर चीर. ‘सातपूरला वेल्डिंग करून घेता येईल’ हे ऐकलं की नमस्कार करून निघा. बुश आणि स्पेसर सातपूर-अंबडच्या लेथवर उत्तम वळवून मिळतात, ते खुशाल करून घ्या. पण अॅल्युमिनियमची फ्रेम उष्णता देऊन कडक केलेली असते. वेल्डिंगने सांध्याभोवतीची ती ताकद जाते, आणि पुन्हा योग्य उष्णता-प्रक्रिया करून देणारा भेटत नाही.

आता फोर्क. नळ्यांवर नख वरून खाली फिरवा. खरवड लागली तर तिथून तेल झिरपत राहणार. पुढचा ब्रेक दाबा, एक हात सीलच्या जागी ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. सीलपाशी टक-टक जाणवली तर बुशिंग गेले. हँडलपाशी जाणवली तर हेडसेट सैल आहे, तो पान्याने घट्ट होतो. दोन्हीत किमतीचा फरक मोठा.

मागचं चाक सीटला धरून जमिनीपासून जरासं उचला आणि सोडा. पिव्हट किंवा शॉकच्या बुशमध्ये ढिलेपणा असेल तर ‘कट’ असा आवाज येतो. बेअरिंगचा संच बदलता येतो, पण त्या मॉडेलचा संच भारतात मिळेल का, हे जागच्या जागी फोनवर शोधा.

चाकं हवेत फिरवा. रिम जराशी डोलते, तेवढं स्पोक ट्रू करून सुटतं. कडेला दगडाचा खड्डा पडला असेल, तर ट्यूबलेस टायर हवा धरणार नाही. हबची रुंदी लिहून घ्या: मागे १४८ की १५७ मिलिमीटर, पुढे १५ की २० मिलिमीटरचा एक्सल. उद्या रिम फुटली तर चाक शोधताना हेच आकडे लागतील. १५० मिलिमीटरचा जुना हब शक्यतो टाळा.

डिस्क कॅलिपरने मोजा. शिमानोच्या डिस्कवर झिजण्याची मर्यादा १.५ मिलिमीटर छापलेली असते. ब्रेकचा लिव्हर दाबून बघा, हँडलला टेकला तर हवा शिरली आहे किंवा सील गेले आहे.

शेवटी हँगर. मागच्या डिरेलरला धरणारा हा छोटा तुकडा पडल्यावर आधी वाकतो, आणि तो वाकण्यासाठीच केलेला असतो. बहुतेक फ्रेमचा वेगळा असतो. ज्या फ्रेमला स्रॅमचा सार्वत्रिक हँगर बसतो, ती बाकी सगळं सारखं असताना निवडा, कारण तो तुकडा मिळवणं सोपं. कोणतीही सायकल घेतलीत तरी दोन हँगर लगेच मागवा आणि एक शर्यतीच्या पिशवीत ठेवा.

सगळं बरं दिसलं, की भाव. लागणाऱ्या पार्टची यादी कागदावर मांडा आणि ती रक्कम वजा करून बोला. विकणारा चिडला नाही आणि उत्तरं देत राहिला, तर सायकलही त्याने प्रेमाने वापरली असण्याची शक्यता जास्त.

अंगावर काय

हेल्मेट दुचाकीचं चालणार नाही. ते जड असतं, हवा खेळत नाही, आणि मानेवर भार येतो. डाउनहिलसाठी एएसटीएम एफ१९५२ मानकाचं फुल-फेस घ्या. ईएन १०७८ एवढंच लिहिलं असेल तर ते साध्या सायकलिंगचं मानक आहे. गुडघे, कोपरं, पाठीचं कवच, पूर्ण बोटांचे हातमोजे, गॉगल. जुनं हेल्मेट कुणाकडून घेऊ नका, आपटलेल्या हेल्मेटच्या आतला थर्माकोल दबलेला असतो आणि बाहेरून काही कळत नाही. पायडल सुरुवातीला खिळ्यांचे सपाट आणि बूट सपाट, चिकट तळाचे. पाय अडकवणारे पायडल पुढच्या मोसमात बघू.

पहिले दोन आठवडे

सायकल आणली की लगेच टेकडीवर पळू नका. पिव्हट, स्टेम, ब्रेक आणि क्रँकचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. पूर्ण साहित्य घालून सायकलवर उभे राहा आणि मागे सुमारे ३० टक्के, पुढे २० ते २५ टक्के दबते का, ते मोजा. फोर्कच्या नळीवर रबरी ओ-रिंग नसेल तर पातळ झिपटाय बांधा. रिबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत येण्याचा वेग, आधी मधल्या खुणेवर ठेवा. मग एकच छोटा उतार निवडा, त्यावर सलग फेऱ्या मारा, आणि दर फेरीनंतर एकच गोष्ट बदला: हवा, रिबाउंड किंवा लिव्हरचा कोन. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला, ते कळत नाही. काय बदललं, ते वहीत लिहा. दहा फेऱ्यांनंतर स्पोक पुन्हा तपासा, नव्या बांधलेल्या चाकाचे स्पोक ढिले पडतात.

मागच्या चाकाने सतत घसरून ब्रेक लावण्याची सवय असेल तर याच काळात मोडा. पुढचा ब्रेक एका बोटाने दाबायला शिका. ही सवय मोडली नाही, तर मागचा टायर महिन्याभरात संपतो आणि शेतकऱ्याच्या टेकडीवर चर पडतात.

शर्यतीला नेताना

नाशिकरोडहून रेल्वेने नेणार असाल तर सायकल पार्सल विभागात द्यावी लागते, म्हणून वेळ धरून निघा आणि सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून न्या. पायडल काढा, हँडल फिरवून फ्रेमला बांधा, पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या टोकांमध्ये लाकडाचा तुकडा किंवा प्लॅस्टिकचा स्पेसर घाला, नाहीतर वरून काही पडलं तर फोर्क आत दाबला जातो. डिरेलर सोडवून आतल्या बाजूला बांधा. खोक्यावर चाकांची दिशा लिहायची पद्धत बरी, पण हमाल खोकं आडवंच ठेवणार, हे धरून आतलं पॅडिंग करा. चाकं काढलेली असताना ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी सरकवा. चुकून कुणी लिव्हर दाबला, तर पिस्टन बाहेर येतात, आणि शर्यतीच्या आदल्या रात्री ते मागे ढकलायला योग्य हत्यार हाताशी नसतं.